नावाडी परत येतो का?

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बहीणभाऊ बसले होते. त्यांचे वडील आतल्या खोलीत होते.

"ताई, उद्यापासून क्राउडफंडिंग सुरू करतोय. कादंबरीचा तिसरा भाग यंदा छापायचाच."

"म्हणजे लोकांनी पैसे आधी द्यायचे?"

"हो. पुस्तक वर्षभरात घरपोच."

"लिहून झालंय?"

"अर्धं झालंय. होईल गं."

"बाबा काल पुन्हा विचारत होते. तो म्हातारा नावाडी ड्रॅगनच्या बेटावरून मुलाला घेऊन परत येतो का?"

"पुस्तकात वाचा म्हणावं."

"अरे, डॉक्टर काय म्हणाले ते तूही ऐकलंयस."

"शेवट असा आधी नाही सांगता येत, ताई. माझाच अजून ठरलेला नाही."

"न लिहिलेल्या पुस्तकाला परकी माणसं आधी पैसे देणार, आणि बापाला शेवट आधी सांगायला तुझी जीभ रेटत नाही?"

नर्सने एकालाच आत बोलावलं. तो उठला. दार अर्धवट उघडंच राहिलं.

"बाबा, तुमचा नावाडी परत आला."

"एकटाच?"

"नाही. मुलगा होता होडीत. वल्ही त्याच्याच हातात होती."