यंत्राचं मुद्रितशोधन

आजच्या सभेच्या अध्यक्ष आणि या वाचनालयाच्या ग्रंथपालबाई, मंचावर त्यांच्या शेजारी बसलेले प्राचार्य, आजच्या सत्कारमूर्ती आपल्या सर्वांच्या ताई, समोर खुर्च्यांवर बसलेल्या आणि खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बंधुभगिनींनो,

मला दिसत नाही, हे बहुतेकांना ठाऊक आहे. मंचावरचा क्रम मी खुर्च्या सरकल्याच्या आवाजावरून लावला. कुणाचा मान पुढेमागे झाला असेल तर दोष लाकडाचा.

ताई रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासतात. पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता, गेली अकरा वर्षं, याच वाचनकक्षात त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरची प्रात्यक्षिकं भरवली. मुक्त म्हणजे काय, हे त्यांनी शंभरदा सांगितलंय. ज्याचं झाकण उघडून आत हात घालता येतो, बिघडलेलं नीट करता येतं आणि नीट केलेलं शेजाऱ्यालाही देता येतं, ते मुक्त. पर्समध्ये कायम पेनड्राइव्हचा जुडगा, म्हणून नाव पडलं पेनड्राइव्हताई. लोक म्हणायचे, बाई फुकट वाटते म्हणजे काहीतरी गोम असणार! पहिल्या खेपेला म्हणे तीन माणसं आली. त्यातला एक इथला पहारेकरी, आणि दुसरा पंख्याखाली बसायला.

मी कसा आलो? ओढून आणला गेलो. एकतीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितशोधक होतो. ऱ्हस्व-दीर्घावर माझं घर चाललं. मग काचबिंदूनं डोळे नेले आणि कामही गेलं. रोज सकाळी आमची ही मला वर्तमानपत्र वाचून दाखवायची. आणि मी काय करायचो? तिच्या चुका काढायचो. इथे थांबायला हवं होतं, तो शब्द तसा नाही. एके दिवशी तिनं पेपराची घडी घातली आणि म्हणाली, "उद्यापासून स्वतः वाचा." पुढच्या रविवारी तिनं माझा दंड धरला आणि इथे आणून बसवलं.

त्या दिवशी चित्रं काढण्याच्या सॉफ्टवेअरचं प्रात्यक्षिक होतं. ताई सांगत होत्या, "हे बघा, हा निळा गोल बघा." मी खिडकीकडे तोंड करून बसलेला. त्यांनी मध्येच विचारलं, "काका, पटत नाही का?"

"पटायला आधी दिसावं लागतं," मी म्हटलं. जरा तोडूनच बोललो.

मग ताई हळूच म्हणाल्या, "आठ वर्षं मी नुसतं बघा, बघा म्हणत आले. माझं चुकलंच."

पुढच्या महिन्यात त्यांनी संगणकाचा पडदा बंद ठेवला. म्हणाल्या, आज सगळ्यांनी फक्त ऐकायचं. यंत्र बोलू लागलं, चक्क मराठी वाचू लागलं. माझ्या अंगावर काटा आला, पण आनंदानं नव्हे! "जरा थांबा" हे त्यानं असं उच्चारलं, की जणू संस्कृतातल्या जरेला, म्हातारपणालाच थांबायला सांगतंय. चहातला च आणि चाकातला च त्याला एकच. एका परिच्छेदात मी चौदा चुका मोजल्या आणि उभा राहून ओरडलो, "हे कसलं मराठी? फेकून द्या!"

दुसरं कुणी असतं तर रागावलं असतं. ताईंनी खुर्ची ओढली. "काका, बंद डब्यातली वस्तू असती तर तुमची तक्रार पेटीत पडून राहिली असती. ही उघडी आहे. सांगा, मी लिहून घेते."

पुढे सात महिने दर गुरुवारी, रुग्णालयातून सुटल्यावर, त्या इथे यायच्या. मी शब्द आणि त्याचा बरोबर उच्चार सांगायचो, ताई तो यंत्रासाठीच्या यादीत भरायच्या. भांडणंही झाली. त्यांना यादी ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांकडे पाठवून द्यायची घाई, मला ती निर्दोष हवी. मी म्हणायचो, "ताई, एकदा छापलं की चूक हजार प्रतींत जाते." त्या म्हणाल्या, "काका, इथे उद्या पुन्हा सुधारता येतं." तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं छातीवर असलेला दगड त्या वाक्यानं उतरला. रात्री अंथरुणात चूक आठवून दचकणारा माणूस मी. उद्या सुधारता येतं, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

यादी गेली. कुठल्यातरी दूर देशातल्या स्वयंसेवकांनी पत्रानं पाच प्रश्न विचारले, आम्ही उत्तरं दिली आणि सहा आठवड्यांनी ती स्वीकारली गेली. त्या रविवारी इथे चाळीस माणसं होती. यंत्रानं अख्खा अग्रलेख वाचला. मी एकच चूक काढली, तर तुम्ही टाळ्या वाजवल्या!

घरी आता यंत्र वाचतं. पण पंधरा दिवसांनी मीच ते बंद केलं आणि हिला म्हटलं, "तू वाच."

"चुका काढणार नाही ना?"

"काढीन. पण मनातल्या मनात."

आता ताई मुलीकडे राहायला निघाल्या आहेत. हे थांबणार का, असं बरेच जण विचारतात. परवा सोमवारी मला एका अनोळखी बाईंचा फोन आला. दुसऱ्या शहरात त्या न दिसणाऱ्या मुलांना शिकवतात. म्हणाल्या, "तुमची यादी आम्ही रोज वापरतो. पण काका, रागावू नका, तिच्यात बावीस चुका आहेत."

माझ्या कामात चुका? आयुष्यभरात असं कुणी म्हणालं असतं तर मी चार दिवस जेवलो नसतो. त्या दिवशी मी यंत्र सुरू केलं, कळफलकावर बोटं ठेवली आणि म्हटलं, "सांगा बाई. पहिली कुठली?" त्यांतल्या एकोणीस खऱ्या निघाल्या. ताई, त्या सुधारायचं काम त्या बाईंनी आणि मी सुरू केलंय, एवढंच तुम्हाला निघण्याआधी सांगायचं होतं.

ग्रंथपालबाईंनी ही खोली दिली, तुम्ही एवढा वेळ कान दिलात, सगळ्यांचे मनापासून आभार. म्हातारा माणूस लांबण लावतो, एखादं नाव गाळतो, एखादा शब्द वावगा बोलतो. ते पोटात घाला आणि मला खाली बसायची परवानगी द्या.