चेअरमनच्या डोळ्यातलं पाणी

माझ्या पापण्या बारा महिने सुजलेल्या अन् डोळे कोरडेठाक. एका दुष्काळात आमच्या गावच्या विकास सोसायटीचे चेअरमन अन् मी चारा छावणीचा अर्ज घेऊन तहसीलला गेलतो. दारातच डोळे लई चुरचुरले म्हणून ड्रॉप टाकला अन् तसाच आत शिरलो. गालावरचे थेंब बघून साहेब म्हणले, "रडू नका हो," अन् लगेच सही केली.

बाहेर येताच चेअरमननं हात पुढं केला. "बाटली दे बे."

"कावून?"

"उद्या टँकर मागायचाय."

दुसऱ्या दिवशी माझी अर्धी बाटली डोळ्यात ओतून, नाक ओढत चेअरमन साहेबापुढं उभे. साहेब दचकले. "डोळ्यात काय गेलं का? आधी पाण्यानं धुवा!"

चेअरमन म्हणले, "तेच मागाया आलोय, साहेब."