जोडे हातात घेऊन

हॅलो?… हो शकुन, मीच, भगवंतमामा. जोरानं बोल, पाण्याचा आवाज आहे… पुलावर. अगं, पूर्णेच्याच पुलावर.

तुहा नवरा पोहोचला ना घरी, उत्तमराव?… तो गाडीत होता, म्हणून पार झाला. मी अलीकडं उतरलो… काहून म्हणजे? आपल्या घरचा माणूस बसून नदी ओलांडते का? तुह्या सासूलेही ठाऊक आहे… हो, पंचाहत्तरीचा झालो, माहीत आहे मले.

ऐक ना. पूल कोरडा आहे. पण दोन्हीकडचा रस्ता पाण्याखाली गेला. पुढं कमरेइतकं, मागंही तेवढंच. पोलीस लांबून हात दाखवून राहिले, थांबा म्हणून… एकटा नाही. एक ट्रक आहे, दोन म्हशी आहेत. म्हशी माह्यापेक्षा शहाण्या, निवांत बसल्या.

माही बहीण कशी आहे, मैनाबाई?… डोळे उघडते?… माहं नाव घेते?… डॉक्टर काय म्हणे?… सांजेपर्यंत. बरं.

रडू नको पोरी. फोन तिच्या कानाले लाव.

मैनाबाई, मी आहो. पाणी उतरलं की आलोच. तोवर ऐक. तीच, जोड्यांची गोष्ट.

आपल्या पणज्याचं बारसं झालं, त्या साली कापूस चांदीच्या मोलानं जात होता. समुद्रापलीकडं कुठं लढाई लागली होती म्हणे. नत्थुजी न् चंद्रभान, आपल्याच घरचे दोघं भाऊ, बैलबंडी भरून अमरावतीले जात. पहिल्या खेपेले चंद्रभाननं जोडे घेतले. लाल, करकर वाजणारे. दुसऱ्या खेपेले अवकाळी पाऊस, बंडी इथंच नदीत रुतली. वरून लोंढा येऊन राहिला. नत्थुजी चाकाले खांदा देऊन सांगते, उतर रे, भार कमी कर. न् चंद्रभान कापसावर बसून म्हणते, दादा, जोडे भिजतीन…

हॅलो? शकुन? काय झालं?… हसली? खरंच हसली?… लहानपणापासून इथंच हसते ती. लाव, परत लाव फोन.

तर मैनाबाई, उतरला तो शेवटी. पण आधी एकेक जोडा काढला, पुसला, कापसात खोचला. तेवढ्यात लोंढा आला. बैल वाचले, नत्थुजी वाचला. जोडे कोरडे सापडले. चंद्रभान नाही सापडला. म्हणून आपण नदीच्या अलीकडंच उतरतो, जोडे हातात घेतो न् पायी जातो. आताही माह्या चपला हातातच आहेत, मैनाबाई…

मैनाबाई?

हॅलो… हो, बोल उत्तमराव… कधी?… ऐकत होती ना?… बरं.

नाही, माह्यासाठी थांबू नका. पाणी आज उतरत नाही. मी इथूनच हात जोडतो… अरे, बसलो आहो मी, कठड्याले टेकून. ट्रकवाल्यानं पाणी देल्लं.

फोन ठेवतो. भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेव. आजची तारीख. मैनाबाई गेली, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी.