आंदनातल्या गाद्या

...अन् वरून लोकं मलेच म्हंतात, "सूर्यभानजी, हासा ना जरासे!" काय हासू बाप्पा? अर्धं अकोलं माह्या गाद्या नेऊन राहिलं, अन् मी त्याच गाद्यायपायी टक्क उघड्या डोयानं आढं पाहून राहिलो! आता यात माह्या हातात काय होतं, सांगा तुमी!

तुमाले सांगतो, मी जिनात मजूर होतो. जिनात कापसाची रुई येगळी होते, सरकी येगळी होते, अन् झाडू मारला का खाली उरते तो कचरा... पाला, माती, मळकी रुई, चुकार सरकी... तो सारा मागच्या नाल्यात! मले रोज दिसे. अरे, कापूस पिकवनारा झोपते बोऱ्यावर, अन् रुई झोपते नाल्यात? म्हनून आने जाऊन नवे पैसे आले त्या साली काम सोडलं, कचरा बंडीत भरला अन् आनला जठारपेठेतल्या खोलीत. माणिकबाई, म्हंजे आमची बायको, दारातच आडवी! "लोकायचे नवरे लुगडं आनतात, तुमी उकिरडा आनला!" मी म्हनलं, "उकिरडा नोहे वं, यात गाद्या हायेत." ती म्हने, "मले तं पाल दिसून राहिली!" ...होती. एक पाल होती.

मंग काय इचारता! मी काठीनं झोडपू, चायनीतून चाळू, अन् माणिकबाई बोटं सोलेपर्यंत सरकी येचे. धूळ अशी उडे, का शेजारची गोदाबाई भिताडापल्याडून बोंबले, "सूर्यभान! माह्या वरनात रुई पडली!" मी म्हनलं, "धुवून वापस द्या काकू, कामाची हाय!" ...तिनं बोलनंच सोडलं. आता खरं बोललो तं बाई रुसली, यात माह्या हातात काय होतं?

पन गादी झाली हो! जुन्या धोतराची खोळ, आत उन्हात तापवलेली रुई... असा हात रुते! ज्याच्या सात पिढ्यायनं गादी पाह्यली नाही, तो मानूस खांद्यावर गादी घेऊन गावाले जाये तं वाटे, राजा चालला.

अन् तथीच नजर लागली. म्हैसांगकडचे महादेवराव पाटील आले. पोरगी सुभद्रा, तिचं लगन, आंदनात गाद्या द्यायच्या. मी म्हनलं, "देतो पाटील, पन सरकी येचाले टाईम लागते." थे म्हनले, "लागू दे." अन् लगन तोंडावर आल्यावर बंडी घेऊन हजर! गाद्या भरल्या होत्या, पन निम्म्या कचऱ्यातली सरकी तशीच आत. माणिकबाई म्हने, "भाऊजी, राहू द्या, आत सरकी हाय." मी म्हनलं, "पाटील, टोचन!" पाटील म्हनले, "टोचू दे! बरातीले गादी दिसली पायजे, बस! मुहूर्त थांबते का तुह्या सरकीसाठी?" अन् टाकल्या उचलून बंडीत! मी बंडीमागं पयालो. पाटलानं मलेच वर घेतलं, म्हने, "तू बी चाल लगनाले." ...गेलो. काय करता?

लगन लागलं झकास. आंदन मांडवाच्या कडेले मांडलं, भांडी, पेटी, अन् वरून माह्या गाद्या. बाया हात लावून पाहून राहिल्या, मी मिशीतल्या मिशीत हासून राहिलो. पंगत बसली. अन् तेवढ्यात बरातीच्या बंड्यायचे बैल... सोडले होते ना बाजूले... त्यायनं मान वर केली. नाक फुरफुरवलं. बाप्पा! सरकीचा वास बैलाले, म्हंजे जिलेबीचा वास बारशाले आलेल्या पोरायले! दावं तोडून आले, अन् शिंगानं फर्रकन खोळ फाडली! एक इकडून ओढे, एक तिकडून! रुई उडाली... वरनात रुई, बुंदीवर रुई, भटजीच्या शेंडीत रुई, नवरदेवाच्या बाशिंगात रुई! बैल मात्र डोये मिटून कडमकडम खाऊन राहिले!

दर्यापूरचे नत्थुजी, म्हंजे नवरदेवाचा बाप, उष्ट्या हातानं उठले. "आमाले गादी देल्ली, का वैरन देल्ली? थट्टा लावली का? जुपा बंड्या! पोर नाही नेत!"

महादेवरावानं माही कॉलर धरली, "हा! या मानसानं केलं!" अबे, मी बंडीमागं बोंबलत नवतो का आलो? पन कोन आयकते? सारे मलेच पाहून राहिले, बैल सोडून! अन् म्या पाह्यलं सुभद्राले. हयदीच्या हातानं पदर धरून उभी. तोंड असं पडलं, का मले वाटलं, हे राम... पडली असती रुई नाल्यात, तं या लेकराचं काय बिघडत होतं? खरं सांगतो, त्या टायमाले बैलानं मले खाल्लं असतं तं बरं.

तं तेच पोर बोललं हो! मान खाली, पन आवाज खनखनीत. "मामाजी, बैलायले घरी सरकी भेटत नाही का?"

नवी नवरी, भरल्या मांडवात, सासऱ्याले! महादेवरावाचा हात माह्या कॉलरवरून गयून पडला. नत्थुजी लाल झाले, एकडाव बैलायकडे पाह्यलं, एकडाव सुनेकडे. मंग मिशीवरची रुई काढली अन् म्हनले, "भेटते, सूनबाई. रोज भेटते. म्हनूनच तं वासानं वयखली!"

असा हासला मांडव, का बैल बिचकले. नत्थुजी पुन्हा पाटावर बसले, बुंदी मांगतली. सुभद्रा त्याच बैलाच्या बंडीत बसून सासरी गेली, अन् जाताना मले म्हने, "काका, भेऊ नका." ...मी रडलो हो, नवरीच्या मायहून जास्ती रडलो!

झालं, सुटलो, असं वाटलं ना तुमाले? मलेबी वाटलं. महिन्यानं नत्थुजी दारात. मी हात जोडले, "मालक, आता एक एक सरकी येचून देतो!" थे वसकले, "खबरदार येचली तं! तवापासून बैल कडब्याले का घरच्या सरकीले तोंड लावून नाही राहिले. दोन गाद्या भरून दे, सरकी ठासून!"

अन् ही गोष्ट बाजारात पसरली. आता माणिकबाई दिवसभर सरकी येचते, अन् मी तिच्या माघारी तेच बैलाच्या गादीत कोंबतो. गिऱ्हाईक आलं का पयलं हेच इचारा लागते... "गादी मानसाची पायजे, का बैलाची?" अन् गिऱ्हाईक काय म्हंते सांगू? "बैलाची द्या जी. मानूस काय, कुठंबी झोपते!"