डावा पट्टा कुणी सोडला?

अहो, पण पट्टा शैलेंद्रनं सोडलाच नव्हता! किती वेळा सांगायचं? मिशिगनमधल्या या अख्ख्या नोव्हाय गावाला सांगून घसा बसला माझा, आता तुम्हाला सांगतो, निदान तुम्ही तरी हसू नका...

शैलेंद्र माझा शेजारी. मूळचा नागपूरचा, इथे गाड्यांची सस्पेन्शन्स डिझाइन करतो, म्हणजे नटबोल्ट कळत नाहीत अशातला भाग नाही! त्याच्या बायकोची, नीलांबरीची मावशी म्हणजे शोभनामावशी, आणि मावशीचे यजमान राजारामकाका. या काकांची वर, थेट मोठा पूल ओलांडून, मिशिगनच्या बर्फाळ टोकाला एक केबिन. आणि केबिनच्या शेडमध्ये त्यांचा जीव की प्राण... नारिंगी स्नोकॅट! मांजर नव्हे हो, बर्फावर चालणारी जुनी गाडी! चाकांऐवजी रणगाड्यासारखे पट्टे. रबराचा पट्टा, त्यावर ओळीनं आडव्या पोलादी दांड्या, आणि एक दातेरी चाक त्या दांड्यांना धरून अख्खं धूड पुढे ढकलतं. दातात दांडी नीट बसली तर गाडी चालते, नाही बसली तर... तेच तर सांगतोय!

दोन हजार चारचा नाताळ. काकांनी आमच्या मराठी मंडळातली अर्धी माणसं त्या गाडीत कोंबली, त्यात मीही होतो, मांडीवर शिऱ्याचं पातेलं! निघताना काका म्हणाले, "जावईबापू, इंजिनियर ना तुम्ही? जरा पट्ट्याचा ताण बघा!" शैलेंद्र बिचारा बर्फात लोळला, बोल्ट फिरवला, ताण बसवला. निघालो... आणि ऐन जंगलात खाड्! साप कात टाकतो तसा डावा पट्टा बाहेर! गुडघाभर बर्फातून सगळी वरात पायी परत, आणि काका पुढे चालत ओरडतायत, "पट्टा ढिला ठेवला हो जावयानं!"

झालं! त्या दिवसापासून शैलेंद्रचं नाव 'ढिले'! गणपतीत "ढिले, मूर्ती मात्र घट्ट धरा हं!" दिवाळीला घरटी एकेक पदार्थ आणतात त्या पॉटलकला "ढिल्यांकडे सूप देऊ नका!" आणि सगळ्यात मोठ्यानं हसणार कोण? राजारामकाका! बाजू घेणारी एकटी शोभनामावशी. "हसू नका रे माझ्या शैलूला," म्हणायची आणि त्याच्या ताटात चकली वाढायची. शैलेंद्र ती चकली काकांचं हाड असल्यासारखी कडाकडा फोडायचा आणि माझ्या कानाशी म्हणायचा, "काकांना सोडणार नाही!"

आणि नाही सोडलं हो! विस्कॉन्सिनहून त्याच जातीची एक गंजकी स्नोकॅट ट्रेलरवर घालून आणली. गराजमध्ये ते भंगार, आणि नीलांबरीची गाडी बाहेर बर्फात. ती ओरडायची, "शैलेंद्र, तू नोकरी करतोस की सूड घेतोस?" हा आतून, "थांब गं, दात मोजतोय!" दात कसे झिजतात बघा, झिजून झिजून गरुडाच्या चोचीसारखे वाकतात. कुठली दांडी कुठल्या मॉडेलची ते वळणावरून ओळखायचं. बेअरिंगला ग्रीस भरायचं, रबराला चिरा गेल्यात का बोट फिरवून बघायचं... माणूस पोरीची पत्रिका बघणार नाही इतकं त्यानं ते बघितलं! आणि मग एक दिवस त्या नाताळचा फोटो हातात आला. बघतो तर काय? काकांच्या उजव्या पट्ट्यावर दांड्या लांब लांब, आणि डाव्यावर जवळ जवळ! फोटो इंटरनेटवर टाकला, तर तिकडचा एक गोरा म्हातारा लिहितो, "बडी, हा डावा पट्टा या गाडीचा नाहीच!"

नाचला हो शैलेंद्र गराजमध्ये! "दातात दांडी बसणारच नव्हती! माझ्या बापानं ताण दिला असता तरी सुटलाच असता! आता सगळ्यांसमोर... काकांना सोडणार नाही!"

मुहूर्त कुठला धरला? संक्रांतीचा! लोक तिळगूळ घेऊन केबिनवर चाललेत, आणि हा खिशात मेजरिंग टेप घेऊन. तिथे पोचल्यावर म्हणाला, "आज मी एक गोष्ट दाखवणार आहे." सगळे शेडसमोर अर्धगोल करून उभे. हा गेला गाडीखाली. टेप लावला. तोंड उघडणार... तेवढ्यात काका, त्या वयात, सरपटत त्याच्या शेजारी!

पुढचं शैलेंद्रनंच सांगितलं मला. काका कुजबुजले, "टेप आत घाल, गाढवा. मला काय माहीत नाही? त्याच दिवशी कळलं मला."

"मग माझं नाव का घेतलंत?"

"अरे, माझ्या साठीला शोभनानं सरप्राइज मागवला तो पट्टा. रिबन बांधली होती त्याला, लाल! तिला सांगू, तुझ्या भेटीनं सगळ्यांना बर्फात उतरवलं म्हणून?"

"आणि मी?"

"जावई असतो कशाला मग?"

तेवढ्यात वरून मावशीचा आवाज, "शैलू, सापडलं का रे काही? माझ्या शैलूची चूक नव्हतीच, मी म्हणतच होते!"

तुम्हाला सांगतो, टेप गेला परत खिशात. मग शैलेंद्र बाहेर आला. अंगाला बर्फ, नाकाला ग्रीस. मावशीकडे बघितलं. ती हातात तिळगुळाचा डबा धरून, इतक्या विश्वासानं... आणि हा म्हणतो, "सापडलं मावशी. बोल्ट. मीच ढिला ठेवला होता."

काय हसले लोक! काका मात्र हसले नाहीत, पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी दोघांनी शेडचं दार लावून घेतलं, रबराला नवी भोकं पाडून दांडी न् दांडी योग्य अंतरावर बसवली. आता गाडी लोण्यासारखी चालते.

इतकी, की परवा मावशीचा फोन. "शैलू, काकांना बोलू नकोस हं, सरप्राइज आहे! डावा कसा मस्त चालतोय, म्हणून त्याच माणसाकडून आता उजवापण मागवलाय!"

शैलेंद्र म्हणाला, "वा, मावशी!"

आणि ड्रिल शोधायला गेला.