एकवीसची रेघ

(कोल्हापूरच्या वेशीबाहेरचं एक गुऱ्हाळ. भर दुपार. काहिलीत रस उकळतोय. काहिलीपाशी गूळ शिजवणारा म्हातारा गुळव्या बाबालाल, खाली चुलवाणात जाळ घालणारा सयाजी, आणि हातात रसाची वाटी व वीतभर लांब नळी घेऊन उभी असलेली मालकाची मुलगी अनुजा.)

बाबालाल : सांगून कुणाला पटायचं न्हाय, म्हणून आजवर तोंड उघडलं न्हवतं. कुरुंदवाडला एका साली ऊस असा गोड झालता, असा गोड झालता, की रसाच्या हौदात ऊन शिरलं ते परत भाईर आलंच न्हाय!

अनुजा : चाचा, गोष्ट नंतर. ही नळी डोळ्याला लावा.

बाबालाल : ऐक तरी. ऊन आत शिरलं, वळलं, आनखी वळलं, आन् हौदातच घेरा घालून बसलं. दिवस मावळला तरी हौद लखलखतोय. आम्ही कंदील विझवून त्या उजेडात ढेपा बांधल्या.

सयाजी : मग त्या उन्हाचं झालं काय?

बाबालाल : म्हशीनं पिलं. आठ दिवस तिची सावली पडत न्हवती.

अनुजा : झालं? आता ऐका. दहा मिनिटांत ही काहील उतरायला येईल. त्याच्या आत मला आप्पांना फोन करायचाय. चाचांना नळीतला आकडा वाचता आला तर काहील चाचांची, असं ते म्हणालेत. नाही आला, तर डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत तुम्ही काहिलीपाशी यायचं नाही.

बाबालाल : उदयसिंह म्हनला? तुझा बाप? काकवीचं बोट मी ज्याच्या तोंडात घातलं, त्यो?

अनुजा : तेच. आणि गारगोटीचा धैर्यशील गुळव्या दारात येऊन बसलाय. त्यालाही त्यांनीच बोलावलंय.

बाबालाल : ठावं हाय की. चप्पल फरफटत चालतोय. मघाशीच ऐकलं.

अनुजा : ऐकलं. बघितलं का?

बाबालाल : सयाजी, जाळ वाईच कमी कर.

सयाजी : केला, चाचा.

अनुजा : विषय बदलू नका. मंगळवारी काहील ओतताना सयाजीदादा समोर उभे होते. तुम्ही ‘ओता’ म्हणालात. अजून हाताची पट्टी सुटली नाही त्यांच्या.

सयाजी : मीच मधी आलतो, ताई.

अनुजा : दरवेळी तुम्हीच मधे येता?

बाबालाल : वाफ लई होती त्या दिवशी. वाफंत घारीलाबी दिसत न्हाय.

अनुजा : मग आज नळीत वाफ नाही. घ्या.

बाबालाल : थांब की. ही नळी काय करती ते मला कळू दे. कळल्याबिगर मी कशालाबी डोळा लावत न्हाय.

अनुजा : सोपं आहे. इथं पुढं काच आहे. काचेवर रसाचा थेंब टाकायचा, झाकण पाडायचं आणि उजेडाकडं धरून बघायचं. उजेड रसातनं जाताना वळतो. रस जितका गोड, तितका जास्त वळतो. आत वर निळं आणि खाली पांढरं दिसतं, दोन्हींच्या मधे रेघ. रेघ ज्या आकड्यावर, तेवढी साखर. काच कोरडी असली तर सगळं निळंच, रेघ उमटत नाही.

सयाजी : पर ताई, उजेडाला वळायचं कारन काय? गप नाकासमोर जावं की!

अनुजा : रसात त्याची चाल मंद होते म्हणून.

सयाजी : मंद झाला तर मंद. नाकासमोर मंद जाईल.

अनुजा : सरळ शिरला तर नाकासमोरच जातो. तिरका शिरला तर नाही. तुम्ही उसाचा ट्रॅक्टर डांबरीवरनं तिरका ओल्या रानात घातला तर काय होतं?

सयाजी : काय हुतंय… एक चाक आदी चिखलात शिरतंय. ते दमतंय. दुसरं अजून डांबरीवर, ते पळतंयच. मग ट्रॅक्टर… आयला! ट्रॅक्टर वळतोय की!

अनुजा : तस्संच.

बाबालाल : म्हंजे माझ्या रसात चिखल हाय म्हन की.

अनुजा : साखर आहे, चाचा. आणि डोळ्यातलं भिंग हेच करतं. उजेड वळवून एका जागी आणतं. भिंग धुरकट झालं की उजेड विस्कटतो, मग समोरचा माणूसही धूर वाटायला लागतो. अर्ध्या तासाचं काम असतं त्या ऑपरेशनचं.

बाबालाल : अर्ध्या तासाचं न्हवं ते. माझा बाप गुळव्याच हुता. खोकला झाला, म्हनून एक हंगाम घरी बसला. एकच. फुडच्या हंगामाला त्येला कुनी बोलावलं न्हाय. दारात बसायचा आन् रस्त्यानं जानाऱ्या गाडीतला ऊस कुठल्या रानातला त्ये वासावर सांगायचा. कुनी इचारलेलं नसायचं. काहिलीवरनं उतरलेला गुळव्या परत चढल्याला मी तरी बघितला न्हाय, पोरी.

अनुजा : मी बोलावीन.

बाबालाल : तू? तुझं लगीन झालं की तू पुण्याला.

अनुजा : मी कुठं जात नाही, आणि तुम्हाला घालवतही नाही.

सयाजी : ताई, फेस बसाय लागला.

बाबालाल : ठावं हाय. बुडबुड्याचा आवाज जड झालाय. आजून सात मिनटं. आठव्याला रंग जाईल.

सयाजी : बघा ताई! डोळे झाकून सांगत्यात.

अनुजा : त्याचीच भीती वाटते. कानानं चाचांना काहील कळते. काहिलीपाशी उभा असलेला माणूस कळत नाही. आत्ता चौघं जण काहील धरायला येतील, चाचांच्या एका शब्दावर ओततील. पट्टी पुढच्या वेळी हातावर बसेल की तोंडावर, कोण सांगणार?



बाबालाल : तूच सांग रं, सयाजी, खरं का ह्ये?

सयाजी : जाळ बघतोय, चाचा.

बाबालाल : बरं. रस कुठल्या रानाचा हाय वाटीतला?

अनुजा : नदीकाठचा. पुढच्या आदणाचा, यानंतर काहिलीत पडायचाय तो.

बाबालाल : एक थेंब बोटावर घाल. जिभेला कळू दे आदी, मग डोळ्याला.

अनुजा : घ्या. …कळलं?

बाबालाल : म्हंजे काय! खोडवा हाय ह्यो, तोडल्या उसाच्या फुटव्याचा. बुडक्याकडचा रस जास्त पडलाय. दे इकडं तुझी नळी.

अनुजा : ही घ्या. काच पुसून ठेवलीय.

बाबालाल : झाकान पाडलं. उजेड कुठल्या अंगाला… हां, हिकडं ऊन लागतंय गालाला. डोळा लावला.

अनुजा : घाई नाही. सावकाश बघा.

सयाजी : पाच मिनटं ऱ्हायली.

अनुजा : काय दिसतंय, चाचा?

बाबालाल : अगं काय सांगू! काय रेघ हाय, काय रेघ! सुरीनं वडी कापल्यागत. वर निळं, सकाळचं रंकाळ्याचं पानीच जनू. खाली पांढरं, निर्शा दुधावानी. दोघांच्या मधी कडक. हालंना न डुलंना.

अनुजा : कितीवर?

बाबालाल : एकवीस. केसभर वर म्हनशील तर वर, पर एकवीस.

सयाजी : ताई, बरोबर हाय का? आं? सांगा की!

अनुजा : सकाळी मी मोजला होता. एकवीसच होता.

सयाजी : आरं तिच्या! जिंकलं की चाचांनी! हाक मारू का पोरास्नी? चाचा, या हिकडं, चार मिनटं ऱ्हायल्यात!

बाबालाल : लाव फोन तुझ्या आप्पाला. आन् त्या धैर्यशीलाला चहा पाज, गारगोटीची यष्टी दाव. म्हनावं, तुझ्या ओठावरचं दूध आजून वाळायचंय.

अनुजा : चाचा…

बाबालाल : आता काय?

अनुजा : एकवीस तुमच्या जिभेनं सांगितलं. काचेवर मी थेंब टाकलाच नव्हता. वाटी अजून माझ्याच हातात आहे.