पास्कूच्या अंगाचा वास

मी चारचौघांत कुणाला कधी बोलत का नाही, असं विचारता ना? मग ऐका.

स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील. कोर्लईच्या आमच्या चर्चमध्ये रविवारची मिस्सा चालू होती. माझा बालमित्र पास्कू उशिरा आला आणि मेणबत्ती घेऊन थेट पुढे निघाला. तो पिणारा, हे साऱ्या गावाला ठाऊक. जवळून गेला तसा दारूचा भपकारा आला. मी उठलो आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "देवाच्या दारात तरी शुद्धीवर येत जा! चल, बाहेर हो."

त्याने मेणबत्ती खिशात टाकली आणि निघून गेला.

मिस्सा संपल्यावर फादरनी मला बाजूला घेतलं. "भावाचं चुकलं तर आधी त्याला एकट्याला गाठून बोलावं, ही प्रभूची शिकवण. तू त्याला विचारलंस काही?"

"विचारायचं काय, फादर? वास येत होता."

"त्याची पोर तापाने फणफणलीय. तिच्या छातीला तो दारू चोळतोय. काल मी स्वतः पाहून आलो. प्यायलेला नाही तो."

तेव्हाच जायला हवं होतं. शरमेने पाय उचलला नाही. मंगळवारी पोर गेली.

मग गेलो. त्याचे हात धरले. "पास्कू, चुकलो रे."

तो म्हणाला, "विचारलं असतंस, तर तुलाही म्हटलं असतं, पोरीसाठी माझ्याबरोबर गुडघे टेक. आता काय मागू, तूच सांग."